झाकण उघडता आलं पाहिजे: पुण्यातल्या एका गच्चीवरच्या वाफ्यांचं प्रकरण

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला चार मजल्यांची एक इमारत आहे. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काका-काकूंनी गच्चीवर भाजीचे चार वाफे केले आहेत. लोखंडी अँगलचे कमरेइतके उंच स्टँड, त्यावर पॅकिंग केसच्या पाइनवुड फळ्यांचे ट्रे, आत जाड एचडीपीई प्लास्टिकचा कागद. एकेक ट्रे ८ फूट लांब, ३ फूट रुंद आणि ९ इंच खोल. खाली बसून खुरपणं काकूंच्या गुडघ्यांना झेपत नाही, म्हणून ही उंची.

नुसती माती भरली असती तर ओली झाल्यावर ती घनमीटरला पावणेदोन टनांच्या घरात गेली असती. त्यामुळे पाल्यापाचोळ्याचं खत, कोकोपीट आणि थोडी माती असं हलकं मिश्रण भरलं. तरीही पाणी दिल्यावर एक ट्रे चारशे किलोंच्या पुढे जातो. माणसांचा वावर असलेल्या गच्चीसाठी आपल्याकडच्या मानकात चौरस मीटरला १५० किलोंच्या आसपास भार धरतात. हे लक्षात घेऊन इंजिनिअरला दाखवून वाफे तुळयांच्या रेषेवर ठेवले आणि स्टँडच्या पायांखाली लोखंडी पट्ट्या दिल्या. आच्छादनासाठी गच्चीत खांब रोवायचा पर्याय तिथेच बाद झाला. ब्रिकबॅट कोब्याला, म्हणजे गच्चीवरच्या विटांच्या तुकड्यांच्या पाणी अडवणाऱ्या थराला, भोक पाडलं की पहिल्याच पावसात खालच्या घराच्या छताला ओल येते. म्हणजे जे काही उभारायचं ते वाफ्यालाच धरून उभं राहिलं पाहिजे.

काकूंनी माझ्याकडे केलेली तक्रार त्यांच्याच शब्दांत अशी होती: "मेथी दोन पानांवर आली की संपली. कोथिंबीर उगवते पण विष्ठेने बरबटलेली. कोबीला गड्डा धरायच्या आत पानांची चाळण. आणि टोमॅटो लाल व्हायला लागला की कुणीतरी अर्धा खाऊन ठेवतं."

एवढ्यावर बाजारात जाऊन जाळी आणली असती तर ती चुकीचीच आणली गेली असती, कारण या चार ओळींत किमान चार वेगवेगळे अपराधी आहेत. आधी त्यांची ओळख पटवायला हवी होती. उपटून बाजूला टाकलेलं रोप आणि उकरलेलं बी हे पारव्यांचं काम. पान कडेकडेने ओरबाडल्यासारखं फाटलं असेल तर बुलबुल. पानाच्या मधोमध भोकं आणि त्याखाली बारीक हिरवट-काळी लेंडी दिसली तर अळी. अर्ध्या खाल्लेल्या टोमॅटोचा मात्र निर्णय होईना, खार की उंदीर? खार दिवसा येते आणि उंदीर रात्री, म्हणून काकूंनी संध्याकाळी ट्रेच्या कठड्यावर आणि स्टँडभोवती रांगोळीचा पातळ थर पसरला. (राखही चालते. पीठ वापरू नये, ते उंदरांना आमंत्रण ठरतं.) सकाळी थर जसाच्या तसा होता. दुपारी जेवणानंतर पाहिलं तर कठड्यावर छोट्या पंज्यांचे ठसे होते आणि शेपटी घासल्याच्या रेघाही. खार ठरली. उंदरासाठी खालून बंदोबस्त करायची गरज उरली नाही आणि त्यामुळे पुढचं काम निम्म्याने सोपं झालं.

विष्ठेबद्दल थोडं सांगायला हवं. अनेक जण भाजी धुऊन घेऊ म्हणून सोडून देतात. पण पारव्यांची सुकलेली विष्ठा धूळ होऊन श्वासात जाते आणि वर्षानुवर्षं असं होत राहिलं तर फुप्फुसांचा ॲलर्जीचा गंभीर आजार होऊ शकतो. काकूंना आधीच दम्याचा त्रास. जुनी विष्ठा आधी पाणी मारून ओली केली, मग मास्क लावून खरवडली. कोरडी झाडायची नाही. कच्ची खायची कोथिंबीर झाकलेल्या वाफ्यातच घ्यायची, हेही तेव्हाच ठरलं.

काका-काकू तोवर स्वस्थ बसले नव्हते. त्यांनी जुनी सुती साडी ताणून बांधली होती, आणि बी उगवेपर्यंत तिचा चांगला उपयोग झाला. ओल टिकली, पारवेही दूर राहिले. उगवण झाल्यावर मात्र खाली उजेड पुरेना आणि रोपं पिवळी पडून लांबुडकी झाली. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून नायलॉनची बारीक धाग्याची जाळी थेट झाडांवर टाकली. पानं जाळीतून वर आली, पक्ष्यांनी ती तशीच खाल्ली आणि एका बुलबुलाचा पाय अडकला. काकूंनी कात्रीने जाळी कापून त्याला सोडवलं. सैल, झोळ पडलेली, डोळ्याला न दिसणारी जाळी वाफ्यावर टाकू नये, असं मी प्रत्येकाला कळकळीने सांगते. जाळी चौकटीवर ताणलेली असली तर पक्षी तिच्यावर बसतो आणि उडून जातो. झोळातच तो गुंतून मरतो.

शेवटी काकांनी कोबीच्या वाफ्यावर बारीक जाळी चारही बाजूंनी सुतळीने गच्च शिवून टाकली. आत ठिबकची नळी सोडली, म्हणजे उघडायलाच नको. जाळी उत्तम होती आणि बांधणीही पक्की. दोन आठवड्यांनी काकूंना पानं निस्तेज दिसली म्हणून शिवण उसवली, तर आत हिरव्या अळ्यांची वसाहत. कोबीवरच्या चौकोनी ठिपक्याच्या पतंगाने आधीच पानांखाली अंडी घातली होती. अळ्या तिथेच वाढल्या, तिथेच कोष झाले आणि नवे पतंगही जाळीच्या आतच निघाले. त्यांना खाणारे पक्षी, गांधीलमाश्या, परजीवी कीटक सगळे बाहेर. या प्रकरणातली कळीची गोष्ट मला हीच वाटते. आच्छादन किती घट्ट बंद होतं याची सगळे चौकशी करतात. मी आधी पाहते ते हे की सत्तरीच्या काकूंना ते रोज सकाळी एका हाताने उघडता येईल का. जे रोज उघडत नाही, त्याखाली काय चाललंय ते कळत नाही. पुढचे सगळे निर्णय या एका कसोटीवर घेतले.

बांधणी

८ फुटांचं एकच झाकण एका माणसाला पेलत नाही, वाऱ्यात तर नाहीच. म्हणून झाकायच्या प्रत्येक वाफ्याला ४ बाय ३ फुटांची दोन झाकणं केली. खालची चौकट २ बाय १ इंचाच्या लाकडी पट्टीची. सुताराकडे उरलेल्या सागाच्या पट्ट्या मिळाल्या, त्यांना जवसाच्या तेलाचे दोन हात दिले. पीव्हीसी पाइपची चौकट करायचा काकांचा आग्रह होता, कारण एल्बो आणि टी लावून ती तासाभरात होते. पण साधा पीव्हीसी पाइप पुण्याच्या गच्चीवरच्या उन्हात काही वर्षांत ठिसूळ होतो आणि नेमका वादळाच्या दिवशी तडकतो. शिवाय बिजागरीचा स्क्रू त्यात नीट धरत नाही.

कमानींसाठी आपल्या शेतकऱ्यांची रीत उचलली. कलिंगड-खरबुजावर क्रॉप कव्हर, म्हणजे पीक झाकायचं पातळ कापड, टाकताना ते तारेच्या किंवा बांबूच्या कामट्यांच्या कमानी करतात. इथे ८ गेजची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार घेतली, जाडीला साधारण ४ मिलिमीटर. ती तशीच वापरली तर कापड घासून फाटतं आणि उन्हात तापून जाळीला चटका बसतो. म्हणून ती ठिबकच्या लॅटरलमध्ये, म्हणजे झाडांना पाणी देणाऱ्या १६ मिलिमीटरच्या नळीत, ओवली. तारेमुळे आकार टिकतो आणि नळीमुळे पृष्ठभाग गुळगुळीत राहतो. जुनी, थेंब सोडणारी तोंडं बुजलेली लॅटरल भंगारात मिळते, ती यासाठी उत्तम.

मापाचा हिशेब सोपा आहे. रुंदी ९० सेंटिमीटर, अर्धवर्तुळ करायचं तर कमानीची लांबी ९० गुणिले ३.१४ भागिले २, म्हणजे १४१ सेंटिमीटर, आणि मधली उंची ४५. चौकटीच्या लाकडात ४ मिलिमीटरच्या बिटाने दोन्ही बाजूंना भोकं पाडली आणि तार दोन्ही टोकांना ५ सेंटिमीटर जादा ठेवून त्यांत ठोकून बसवली. म्हणजे तार १५१ सेंटिमीटर, नळी १४१. एका झाकणाला तीन कमानी पुरल्या, दोन टोकांना आणि एक मध्ये. तिन्हींच्या माथ्यावरून बांबूची एक कामटी आडवी बांधली, नाहीतर कापड ताणताना कमानी एकमेकींकडे झुकतात. कापडासकट झाकणाचं वजन साडेतीन किलोंच्या आसपास भरलं.

कापड पकडायला क्लिपाही त्याच लॅटरलच्या. चार-चार बोटांचे तुकडे कापायचे, प्रत्येक तुकडा कटरने लांबीत एका बाजूने चिरायचा आणि कमानीवर कापड ठेवून वरून दाबून बसवायचा. नळीच्या अंगच्या लवचीकपणाने तो कापडासकट कमानीला घट्ट धरतो आणि नखाने कड उचलली की निघतो. मेमधल्या दुपारी प्लास्टिक मऊ पडून पकड सैल होते, म्हणून चारही कोपऱ्यांवर काळ्या झिप-टायचा जोड दिला. पांढरे टाय उन्हात लवकर तुटतात. या क्लिपांमुळेच ऋतूप्रमाणे कापड बदलणं काकूंना एकटीने जमू लागलं. खिळे किंवा स्टेपल मारले असते तर ते कधीच झालं नसतं.

बिजागऱ्या कुठल्या बाजूला लावायच्या यावर आमची बरीच चर्चा झाली. काका म्हणाले, "भिंतीच्या बाजूला लावू, सोयीचं पडेल." पण पुण्यात पावसाळ्यातला जोराचा वारा मुख्यत्वे पश्चिमेकडून येतो. बिजागऱ्या पूर्वेला असत्या तर पश्चिमेची मोकळी कड वाऱ्याच्या तोंडी आली असती आणि वारा खालून शिरून झाकण उलथून टाकतो. बिजागऱ्या पश्चिमेला लावल्या की बंद झाकणाच्या वाऱ्याकडच्या कडेला उघडी फट उरत नाही. मात्र उघडं झाकण वाऱ्याने धाडकन हातावर आपटू शकतं. त्यासाठी मागच्या बाजूला साखळी लावली, म्हणजे झाकण उभ्या रेषेच्या थोडंसं मागे कलून थांबतं, आणि त्या स्थितीत स्टँडच्या कोयंड्यात अडकणारी एक कडी. कडी लागल्याशिवाय हात आत घालायचा नाही, हे काकूंनी नातवालाही शिकवलं आहे.

वाऱ्याचा जोर लोकांना कमी वाटतो, म्हणून आकडा देते. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर वेगाला चौरस मीटरवर सुमारे १४ किलोंचा जोर येतो. आपलं झाकण १.१ चौरस मीटरचं, म्हणजे पंधरा किलो. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट. जाळीतून काही वारा निघून जातो, प्लास्टिक मात्र सगळा अंगावर घेतं. म्हणून मोकळ्या बाजूला प्रत्येकी दोन पितळी कड्या लावल्या, स्क्रू फळीत दीड इंच आत जातील असे. चारशे किलोंचा ट्रे हाच नांगर. वाळूच्या पिशव्या, विटा असलं काही वर ठेवावं लागलं नाही, आणि चौथ्या मजल्यावरून काही खाली पडण्याची भीतीही राहिली नाही.

कापड कोणतं आणि कधी

चौकट कायमची, कापड पाहुणं. बारा महिने एकच कापड ठेवणारे लोक कुठल्या ना कुठल्या ऋतूत पिकाचं नुकसान करून घेतात.

मूळ कापड ४० मेशची पांढरी कीटकरोधक जाळी, म्हणजे इंचाला ४० छिद्रं. पक्षी आणि खार तर अडतातच, पतंग, फळमाशी, भुंगेरेही अडतात. पांढरी माशी पुष्कळ कमी होते, पण पूर्ण थांबत नाही, आणि फुलकिडे सरळ आत शिरतात. त्याहून बारीक, ५० मेशची जाळी मिळते, पण तिच्यातून हवा कमी खेळते. पुण्याच्या एप्रिलमध्ये आत कोंडलेली उष्णता हा किडीइतकाच त्रास आहे, म्हणून ४० वर थांबलो. ही जाळी लावण्याची वेळ महत्त्वाची. बी पेरल्याच्या दिवशी किंवा रोप लावताना प्रत्येक पान उलटून पाहून मगच. काका-काकूंच्या कोबीचा धडा तोच होता. ज्या वाफ्यात आधीच्या हंगामात फळमाशी किंवा नागअळी (पानात नागमोडी रेघा पाडणारी अळी) होती तिथे आणखी जपावं लागतं, कारण या दोन्हींचे कोष मातीत असतात आणि जाळीखालीच बाहेर पडतात. तिथे माती उकरून उन्हात तापवली आणि पुढचं पीक दुसऱ्या कुळातलं घेतलं.

मार्च लागला की जाळीच्या वर ५० टक्क्यांचं शेडनेट, म्हणजे निम्मं ऊन अडवणारं सावलीचं कापड. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. मेच्या मध्याच्या आसपास दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्या दिवसांत माथा झाकणं पुरेसं वाटतं, पण पानं करपतात ती दुपारी तीननंतरच्या पश्चिमेच्या तिरप्या उन्हाने आणि तापलेल्या गच्चीच्या झळांनी. म्हणून शेडनेट माथ्यावरून पश्चिमेकडे ट्रेच्या तळापर्यंत सोडलं आणि पूर्वेकडे अर्ध्यावर संपवलं. सकाळचं कोवळं ऊन पालकाला हवंच असतं. बिजागऱ्या पश्चिमेला असल्याचा इथे आणखी एक फायदा झाला. संध्याकाळी झाकण उघडून ठेवलं तरी तेच पश्चिमेची सावली धरतं. जूनच्या पावसाबरोबर शेडनेट काढायचं, याबाबत मी फार काटेकोर आहे. ढगाळ हवेत सावलीचं कापड ठेवलं की रोपं उजेडासाठी लांबतात आणि कोलमडतात.

पावसाळ्यात कोथिंबीर आणि मेथी थेंबांच्या माराने चिखलात लोळतात आणि मर रोगाने बसतात. त्यासाठी पॉलिहाउसचा २०० मायक्रॉनचा पारदर्शक कागद, पण फक्त माथ्यावर. दोन्ही बाजूंना खालचे आठ-दहा इंच प्लास्टिक नाही, नुसती जाळी. पूर्ण झाकलं तर उघडीप पडताच आत भट्टी होते, आणि कोंदट ओल्या हवेत बुरशी पावसापेक्षा जास्त माजते. कमान अर्धगोल असल्याने पाणी साचत नाही. सपाट मांडवावर घागरभर पाणी साचून कापड फाटण्याचा प्रकार इथे झालाच नाही. वादळाचा इशारा असेल त्या दिवशी प्लास्टिक क्लिपा काढून गुंडाळायचं आणि नुसती जाळी ठेवायची. गारांचा मार जाळीही पुष्कळ तोडते.

हिवाळ्यात वर काहीच नाही, फक्त मूळ जाळी.

चारपैकी दोनच वाफे झाकले

काकांना चारही झाकायचे होते. पण झाकण कशासाठी घालायचं हे पिकावर ठरतं. पालेभाज्या, मुळा, कोबी, नवलकोल यांना फुलाशी देणंघेणं नाही, ती जाळीखाली खुशाल वाढतात. दोडका, काकडी, भोपळ्याची नर आणि मादी फुलं वेगळी असतात. सातेरी किंवा फुलोरी मधमाशी फिरकली नाही तर बोटाएवढं फळ पिवळं होऊन गळतं. म्हणून वेलींचा वाफा मांडवावर उघडा सोडला. तिथे फळमाशीसाठी क्यू-ल्यूरचा कामगंध सापळा, म्हणजे वासाने नर माश्यांना ओढून पकडणारा, टांगला आणि कोवळ्या फळांवर कागदी पिशव्या चढवल्या.

टोमॅटो-वांग्याचा वाफाही उघडाच. या फुलांना माशी नसली तरी चालतं, वाऱ्याने हललं तरी पराग सुटतो. पण चार-पाच फूट उंचीला कमान पुरत नाही आणि उंच मांडव बांधला तर तो वाऱ्याला शीड होतो. इथे वेगळा मार्ग काढला. टोमॅटो, वांगी, मिरचीची रोपं पहिले चार-पाच आठवडे झाकणाच्या वाफ्यातल्या एका कोपऱ्यात जाळीखाली वाढवायची. पांढऱ्या माशीतून येणारा टोमॅटोचा पानं आकसवणारा रोग लहान वयात जडला तर झाड वाया जातं. तेवढं वय जाळीखाली काढलं की पुढे झाड सावरतं. फळ पांढरट पडायला लागलं की प्रत्येक घोसाला जाळीची छोटी पिशवी, लसणाच्या पिशव्या असतात तशी. खारीने पहिल्या हंगामात दोन-चार पिशव्या कुरतडल्या. मग काकूंनी फळ पूर्ण लाल होण्याची वाट न पाहता रंग धरताच तोडून घरात पिकवायला सुरुवात केली. टोमॅटो तोडल्यावरही पिकतो, तेव्हा त्यात नुकसान काही नाही.

आज काय स्थिती आहे

मेथी, पालक, कोथिंबीर दोघांना पुरून शेजारी जाते. कोबीवर अळी अजूनही येते, पण एखाद-दुसरी, आणि ती दिसते तेव्हा नखाएवढीही झालेली नसते, कारण काकू रोज चहाआधी चारही झाकणं उघडतात. ठिबक आहेच. काका अजून म्हणतात की ठिबक असताना रोज उघडायचं काय कारण. काकू त्यांना उत्तर देत नाहीत, पानं उलटत राहतात.

एक दुखणं मात्र जाळीनेच वाढवलं, लाल कोळी, म्हणजे पानांतला रस शोषणारी अगदी बारीक कीड. एप्रिलच्या कोरड्या, उबदार, वारा कमी असलेल्या हवेत तो पानांखाली भराभर वाढतो, आणि त्याला खाणारे ढालकिडे जाळीमुळे आत येऊ शकत नाहीत. सकाळी झाकण उघडून पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा हा पहिला उपाय. त्याने भागलं नाही तर निंबोळी अर्क: लिटरला ५० ग्रॅम निंबोळी कुटून रात्रभर भिजवायची, गाळून संध्याकाळी फवारायची. शिवाय मार्च-एप्रिलमध्ये सकाळी सात ते नऊ झाकणं उघडीच ठेवायची. पारवे त्या वेळेला खाली चौकात दाणे टिपायला गेलेले असतात, हे काकूंनीच हेरून ठेवलं होतं.

कमानी आणि चौकट जशीच्या तशी आहे. बिजागऱ्यांना वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, तेल लागतं. जाळी घासण्याच्या जागी, म्हणजे मधल्या कमानीच्या रेषेवर, विरळ व्हायला लागली आहे. ती बदलताना काकू तिथे आतून जुन्या साडीच्या काठाची पट्टी शिवणार आहेत.